उंदरांच्या भिंतीपलीकडचा यूपीएस

बायकोचा डबा घरी राहिला म्हणून मी तो घेऊन तिच्या कॉलेजात गेलो, प्राणीशास्त्राच्या मागच्या खोलीचं दार उघडलं आणि सवयीनं बटण दाबलं. ट्यूबलाइट लागली. कोपऱ्यातून बायको अशी ओरडली की डबाच हातातून सुटायचा. बाहेर भर दुपार होती, पण तिच्या पांढऱ्या उंदरांची ती रात्र होती. दिवसा काम करता यावं म्हणून तिने त्यांची दिवसरात्र उलटी लावली होती. अंधारात शरीरात मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं, रात्र झाल्याची खबर सगळीकडे पोचवतं आणि उजेड पडला की थांबतं, हे मला तेव्हा कळलं. मी बँकेत कारकून. माझ्यात ते ऑफिसच्या वेळेतही तयार होत असावं.

पीएचडीसाठी तिचा प्रश्न साधा होता. विजेच्या तारांभोवती जे चुंबकक्षेत्र असतं, त्याने या द्रव्यात आणि प्राण्याच्या झोपण्या-उठण्यात फरक पडतो का? निम्मे पिंजरे वीज सोडलेल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत, निम्मे त्यांपासून लांब, पलीकडच्या भिंतीशी. मग दोन्हींची तुलना. सगळी मदार त्या लांबच्या पिंजऱ्यांवर.

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. कॉलेजच्या संस्थेनेही भिंतीपलीकडची खोली एका क्लासला दिली, आणि क्लासवाल्यांनी वीज गेल्यावरही कॉम्प्युटर चालू ठेवणारा आपला भला थोरला यूपीएस नेमका त्याच भिंतीला चिकटवून बसवला. बायकोने मोजून पाहिलं. लांबचे पिंजरेही आता चुंबकक्षेत्रात होते. तुलना करायची कशाशी?

तिचं मागणं एवढंच, की यूपीएस समोरच्या भिंतीशी न्या. वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम. प्राचार्य म्हणाले, विश्वस्तांना विचारा. विश्वस्तांनी तिला रोज दाराबाहेर बसवून ठेवलं. शेवटी मी रजा टाकून सोबत गेलो.

"मॅडम," विश्वस्त म्हणाले, "आमची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघालीत. तुमचे उंदीर जरा कमी झोपले तर रुसणार आहेत का?"

माझं डोकं फिरलं. "उंदीर सोडा!" मी ओरडलो. "त्या यंत्राने तुमच्या मुलांची झोप उडेल, आजारी पडतील ती! सिद्ध झालंय हे!"

विश्वस्तांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सिद्ध झालंय, मॅडम?"

"नाही," बायको म्हणाली. "कुणाला फरक दिसलाय, कुणाला नाही. तेच तर बघतेय मी."

"मग आधी बघा. निघालं काही, तर हलवू."

हलवल्याशिवाय बघताच येणार नाही, हे त्या माणसाला कळलं नसेल? चांगलं कळलं होतं. कळून तो हसला. इतकी वर्षं झाली, ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

बाहेर येऊन मी स्कूटरला किका मारत त्याच्या सात पिढ्या उद्धरत होतो. बायको मागे बसेना. शेजारी उभी राहिली.

"तुम्ही चिडलात ते बरं वाटलं मला," ती म्हणाली. "पण अहो, मला जे माहीत नाही ते तुम्ही ठोकून दिलंत. आता मी खरं सांगितलं तरी तो म्हणणार, ही नवऱ्यासारखीच. लांबच्या पिंजऱ्यांचं सगळं काम वाया गेलं, ते मी दुसरी खोली मागून पहिल्यापासून करीन. उद्या मी एकटी येते. तुम्ही बँकेत जा."