काझाच्या मठात फुप्फुसांची डॉक्टर

मी आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात फुप्फुसांची डॉक्टर आहे. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात भारतात गेल्यावर हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरलं, तेव्हा विरळ हवेबद्दल बोलायचा हक्क घरात फक्त मला होता. तो मी भरपूर वापरला. पळायचं नाही, पाणी पीत राहायचं, विरळ हवेसाठीची गोळी चुकवायची नाही, हे नवऱ्याला आणि अकरा वर्षांच्या लेकीला जेवताना इतक्यांदा सांगितलं की शेवटी नवऱ्याने विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

स्पितीतल्या काझाला पोचलो तेव्हा ती दोघं ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या मठात गेलो. गाडी दारापर्यंत जात होती, पण फोटो चांगले येतील म्हणून शेवटचा चढ मी चालत चढले. अंगणात पाऊल टाकलं आणि डोकं पकडीत धरल्यासारखं ठणकायला लागलं. मग भिंतीला धरून मला उलटी झाली.

नवऱ्याने माझ्या पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"तुझ्या वाटच्या सगळ्या इथेच आहेत. आम्हाला देण्याच्या नादात तू घेतल्याच नाहीस."

आवाजात काळजी होती. चेहऱ्यावरचं समाधान मात्र त्याला लपवता आलं नाही.

मला खाली न्यायला हवं होतं, पण आमचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. नवरा त्याला शोधायला निघाला. मठाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या लामांनी मला चुलीशेजारच्या गादीवर आडवं केलं आणि लसणाचं गरम सूप हातात दिलं. निघता निघता नवऱ्याने त्यांना कौतुकाने सांगितलं, "मॅडम फेफड़ों की डॉक्टर हैं." लामांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि वाटीत आणखी एक पळी सूप ओतलं.

लेक त्यांच्याजवळ कणीक मळायला बसली. तिला मराठी सगळं कळतं, पण जन्म आयर्लंडचा, त्यामुळे उत्तर नेहमी तिकडच्या इंग्रजीत. लामांनी माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "शी इज ग्रँड." त्यांना इंग्रजी कळेना. तिने जरा विचार केला, मग हळूहळू एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आईला आता बरं आहे. ती सगळ्यांना सांगते. स्वतः ऐकत नाही."

हिंदीच्या आधाराने त्यांना निम्मं तरी कळलं असावं. "मेरी माँ भी नहीं सुनती थी," ते म्हणाले.

मग दोघांचं सुरूच झालं. याक चावतो का, तुम्हाला थंडी वाजत नाही का, आमच्याकडे रोज पाऊस असतो. व्याकरण पार कोलमडलेलं, 'ळ'चा सगळीकडे 'ल' झालेला, पण मराठी. अर्ध्या तासात माझी डोकेदुखी बरीच उतरली होती. तरी मी डोळे मिटून पडून राहिले. उठले असते तर ती पुन्हा इंग्रजीवर गेली असती.

ड्रायव्हर आला, आम्ही उतरायला लागलो. गाडीत मी तिला विचारलं, "काय गप्पा मारल्यास गं आजोबांशी?"

"नथिंग. जस्ट स्टफ," ती म्हणाली, आणि नदीवरचा पूल येईपर्यंत माझ्या खांद्यावर झोपून गेली.