आमच्या साडूंचा दम

उभ्या कल्याणात आमच्या साडूंइतका धडधाकट माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतका मला गोंधळात पाडणारा माणूस तर उभ्या ठाणे जिल्ह्यात नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायला-मापायला होते. पाचव्या वर्षी देवी आल्या आणि त्या तापात दोन्ही कान गेले ते गेलेच. बोलायला येत होते, कारण तोपर्यंत बोलणे पक्के झाले होते. पण पंचाईत अशी की ते पाच वर्षांच्या मुलाचेच बोलणे राहिले. अहो-जाहो त्यांना कधी जमलेच नाही. सासऱ्यांना 'तू', भटजींना 'तू', आणि एकदा वखार पाहायला आलेल्या मामलेदारांना भर उन्हात सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, तू वाकून चालतोस. तुझी पाठ बिघडेल." मी त्याच मामलेदारांच्या कचेरीतला कारकून, दफ्तर काखोटीला मारून त्यांच्या मागे उभा. हसावे, रडावे की मेहुणीच्या नवऱ्याला ओळखतच नाही म्हणावे, मला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी मामलेदारांनी मला आत बोलावले. नोकरी गेली असे धरूनच मी गेलो, तर ते दार लोटून हळूच विचारतात, "तुमचे साडू सकाळी नेमकी काय मेहनत करतात हो?"

नेमकी काय करतात, हे मलाही कुठे ठाऊक होते! त्या तापात कानांबरोबर त्यांच्या अंगाचा तोलही गेला होता. म्हणून लहानपणापासून रोज सकाळी ते खाडीलगतच्या, बाराही महिने ओल्या भातखाचरांच्या बांधावरून डोळे मिटून चालत. चालत म्हणजे चार पावले टाकत आणि पाचव्याला चिखलात पडत. उठत, हसत, पुन्हा चढत. आम्हा दोघांची लग्ने नवी असताना सासूबाईंनी लांबून हे पाहिले आणि जावई सकाळीच ताडी पितात अशी त्यांची खात्री झाली. शहानिशा करायला मला धाडले. मी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला, तर नुसत्या भिजवलेल्या हरभऱ्यांचा. ते काही न विचारता माझा दंड चिमटीत धरून म्हणाले, "ही दोरी कशाला बाळगतोस?" मग नमस्कार, मग जोर-बैठका, मग भरतीच्या खाडीत पोहणे. इतके करून माणूस वखारीत ओंडके उचलायला ताजातवाना. याचे गुपित काय म्हणून विचारले, तर म्हणत, "तुम्ही बोलून बोलून दम संपवता. मी वाचवतो."

हा वाचवलेला दम ते हुतूतूत खर्च करीत. चढाईला निघाले की दोन बोटे गळ्याच्या घाटीवर ठेवीत, कारण आपला आवाज निघतो आहे की नाही हे त्यांना बोटांनीच कळे. समोरचे सात गडी हवालदिल होत. याचा दम संपतच नाही. दोघाचौघांना शिवून परत आले, रांगेत उभे राहिले, तरी 'हुतूतू हुतूतू' चालूच. कुणीतरी पाठीवर थाप मारली की बंद. अडचण यायची ती दुसऱ्या बाजूची चढाई आली म्हणजे. त्या गड्याचा दम तुटत आला आहे का, हे बाकीच्यांना ऐकू येई, त्यांना येत नसे. तेव्हा आमचे ठरले, की रांगेत मी त्यांचा हात धरून उभे राहायचे. मी एकदा दाबला तर दम तुटत आला, पकडायचे. दोनदा दाबला तर दम शाबूत आहे, मागे सरायचे. मला सवय व्हावी म्हणून त्यांनी मला लोहाराच्या भात्यासमोर बसवले. भात्याचा श्वास सरत आला की एक, भरत आला की दोन. लोहार विचारायचा, हे दोघे माझ्या दुकानात हातात हात घालून का बसतात? काय सांगणार, कपाळ!

एका वर्षी माघात माजिवड्याच्या गड्यांशी आमचा सामना ठरला, दोघांनाही सोयीचे म्हणून शीळच्या कापलेल्या शेतात. माजिवड्याचे म्हणजे भातशेती आणि मिठागरांत राबलेले लोक, एकेकाची छाती कोठीसारखी. आमच्यात निम्मे कारकून. आमचा म्होरक्या एक तरुण वकील, त्याला साडूंना घेणे मुळीच पसंत नव्हते. मी फार गळ घातली तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. पण हरलो, तर बहिरा पुन्हा रिंगणात दिसता कामा नये." साडू त्याच्या ओठांकडे पाहत होते, आणि ओठांवरून त्यांना सगळे कळे.  त्या दिवसापासून ते मला लोहाराकडे दोन वेळा न्यायला लागले, सकाळी आणि कचेरी सुटल्यावर. खेळ हे त्यांच्या आयुष्यातले एकच ठिकाण होते जिथे लोक त्यांच्याशी ओरडून बोलत नसत. ते जाईल या भीतीने त्यांनी त्या आठवड्यात हरभरेसुद्धा नीट खाल्ले नाहीत, असे मेहुणी सांगत होती.

सामन्याला आम्ही बैलगाडीतून गेलो, साडू गाडीबरोबर पळत आले. खेळ इतका घासून झाला की शेवटी आमच्या बाजूला दोघेच उरले. एक साडू, आणि एक मी. मी उरलो कारण मी पहिल्यापासून सगळ्यांच्या मागे उभा होतो. समोरून त्यांचा सगळ्यात दांडगा गडी चढाईला आला. माझी पाचावर धारण बसली. तरीही त्याचा आवाज घोगरा होऊन चिरकला तो मला ऐकू आला आणि मी साडूंचा हात एकदा दाबला. बरोबर दाबला! त्यांनी झेप घेऊन दुसऱ्या हाताने त्याची कंबर धरली. गड्याचा चेहरा काळानिळा झाला, आता तुटला म्हणता म्हणता माझ्या डोक्यात आले, एक म्हणजे पकड की एक म्हणजे सोड? आणि चूक नको म्हणून मी, देवा रे, आणखी एकदा दाबला. साडूंना समोर दिसत होते की त्याचा दम संपला आहे. पण त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, माझ्या हातावर ठेवला. त्यांनी कंबर सोडली, गडी रेघेपलीकडे जाऊन पडला आणि साडू बाद झाले. मला बाद करायला पुढे फारसा वेळ लागला नाही.

वकील तणतणत आला. ऐकू येत असते तर सोडला नसता, असे सगळ्यांना ऐकवून म्हणाला. सगळ्यांनी साडूंकडे पाहिले. मी तोंड उघडले आणि मिटले. त्या वकिलाशी कचेरीत रोज गाठ पडायची, हे एक कारण. दुसरे म्हणजे मी भित्रा आहे. परतताना मी गाडीत मान खाली घालून बसलो होतो. शेजारून पळणाऱ्या साडूंनी एकदा आत डोकावले आणि स्वतःच्या पाठीवर हात ठेवून खूण केली, ताठ बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो. ते डोळे मिटून येत होते. मी आडवा उभा राहिलो, ते माझ्यावर आदळले आणि आम्ही दोघेही चिखलात पडलो. तिथेच बसून मी सावकाश, ओठ दिसतील असे म्हणालो, "चूक माझी होती."

"माहीत आहे. हात तुझाच होता ना."

"मग काल बोलला का नाहीत?"

"त्यांनी तुला काढला असता. मला काढलं तरी मी इथे येतोच. तू घरी बसशील. तुझी छाती बारीक आहे."

मला हसू आले आणि रडूही आले, आधी कुठले ते आठवत नाही. तसाच चिखलाने भरलेला मी वकिलाकडे गेलो आणि सगळे सांगितले. तो म्हणाला, साडूची बाजू घेता हे तुम्हाला शोभते, आणि मला पान दिले. माझे खरे त्याला अखेरपर्यंत खरे वाटले नाही. साडू पुन्हा रिंगणात उतरले नाहीत. सामन्याला येऊन रेघेबाहेर उभे राहत आणि नुसत्या छातीच्या हालचालीवरून कुणाचा दम तुटणार ते बोट करून दाखवत. एकदाही चुकले नाहीत. ते बोट मी सोडून कुणी पाहत नसे. मी मात्र रोज सकाळी बांधावर जाऊ लागलो. ते डोळे मिटून चालत, मी पुढे त्यांचा हात धरून. दगड आला की एक, वाट मोकळी की दोन. तिथेही माझे दोनतीनदा उलटे झाले.

मग माझी नाशकास बदली झाली. स्टेशनवर ते पोचवायला आले. गाडी हलायच्या बेतात असताना त्यांनी खिडकीतून माझा हात हातात घेतला आणि दाबला. एकदा. दोनदा. मग थांबून तिसऱ्यांदा. तीनचा अर्थ आम्ही कधी ठरवलाच नव्हता. गाडी सुटली तशी मी खिडकीबाहेर वाकून जिवाच्या आकांताने ओरडलो, "तीन म्हणजे काय?" ओरडलो! इतक्या वर्षांनी, त्या माणसाला! ते गाडीबरोबर थोडे पळाले, आणि स्वतःच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला तीच खूण केली.

पत्रातून विचारीन विचारीन म्हणत राहून गेले, आणि आता विचारायला ते नाहीत. एखाद्या वेळी बायकोचा हात तीनदा दाबून पाहतो. ती म्हणते, काय हवंय? मला सांगता येत नाही. आज हे लिहायला बसलो आहे, तो मात्र ताठ बसलो आहे.