डॉट ओआरजीचं निवेदन

पिंपळे गुरवच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर ज्योतीराम राहतो आणि वर मी. त्यामुळे जिन्यात साप भेटण्याचा योग मला वरचेवर येतो. साप बरणीत असतो, झाकणाला भोकं पाडलेली असतात, वनखात्याला कळवून ज्योतीराम त्याला रानात सोडायला निघालेला असतो, हे सगळं मला मान्य आहे. पण घाईनं कामाला निघालेल्या बाईपुढे बरणी धरून ‘ताई, बगा तरी, किती गरीब हाय’ म्हणणारा शेजारी वैऱ्यालाही मिळू नये. मी ताथवड्याला कॉलेजात शिकवते आणि सापाला घाबरते. दोन्हींची मला लाज वाटत नाही.

ज्योतीराम मूळचा बीडकडचा. चाकणच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. साप धरताना मात्र असा हळू बोलतो, की वाटावं घरी आलेल्या व्याह्यांना पाटावर बसवतोय. या पट्ट्यात शेतं गेली आणि कंपन्या आल्या, पण ही बातमी सापांना कुणी कळवली नाही. ते आपले भंगाराच्या ढिगात नाहीतर लाकडी खोक्यांखाली मुक्काम करून असतात. माणसं त्यांना बघून आधी काठी शोधतात.

म्हणून ज्योतीरामनं आपल्यासारखेच साप धरणारे आठ-दहा कामगार जमवले. अडचण एकच होती. शिफ्ट सुरू झाली की मोबाइल लॉकरमध्ये जातो, मग भिंतीवर नंबर लिहून उपयोग काय? त्यावर या मंडळींनी वेबसाइट काढली. आज कोण सुट्टीवर, कोण शिफ्ट करून मोकळा झाला, त्याचं नाव आणि नंबर तिथे दिसतो. तिचा पत्ता ज्योतीरामनं स्वतः ब्रश घेऊन चाकणपासून देहूरोडपर्यंत कंपन्यांच्या गेटांवर रंगवला. पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी.

२०१९च्या दिवाळीनंतर माझ्या वाचनात एक बातमी आली आणि मला गप्प बसवेना. इंटरनेटवरच्या डॉट ओआरजी नावांची नोंद ठेवण्याचं काम एक ना-नफा संस्था करत होती, ते काम एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकायचं घाटत होतं. जिन्यात मी ते ज्योतीरामला सांगितलं. तो बरणी मांडीवर घेऊन पायरीवर बसला. मी दोन पायऱ्या वर सरकले आणि समजावलं, की उद्या लगेच काही होणार नाही. पण नफ्यासाठी बसलेला माणूस नावाचं वर्षाचं भाडं वाढवू शकतो, अटी घालू शकतो, आणि आपल्याला पत्ता बदलायचीही सोय नाही, कारण लोकांना तोच पाठ झालाय.

“म्हंजे साप निघाला, पत्ता लागला न्हाई, की पुन्हा काठीच,” तो म्हणाला.

जगभरच्या संस्था विरोधाची पत्रं लिहीत होत्या. मी म्हटलं, तुमचंही पत्र मी लिहून देते. पण आठ-दहा जणांच्या पत्रानं काय होतंय, लोकांचा पाठिंबा पाहिजे, असं म्हणून हा गडी थेट रंगरावांकडे गेला आणि मलाही घेऊन गेला.

रंगराव म्हणजे चाकणजवळच्या एका गावातल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी शिक्का मारला की भजनी मंडळ मारतं, बचत गट मारतो, क्रिकेटच्या पोरांचा संघही मारतो. विषय समजवायला वेळ लागेल असं मला वाटलं होतं. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं. गायरान गावाचं असतं, सांभाळणाऱ्याला ते विकायचा हक्क नसतो, एवढं बोलून ते मोकळे झाले. मी मनात खूष झाले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “निवेदन घेनार कोन?”

आपल्याकडे मागणी म्हणजे निवेदन आणि निवेदन म्हणजे फोटो. मधे साहेब, साहेबाच्या हातात कागद, आणि त्या कागदाला जमेल तिथून बोट लावून उभी असलेली सगळी मंडळी. फोटो नसेल तर शिक्का खणातून बाहेर निघत नाही. मी सांगितलं, विक्रीला परवानगी देणारी संस्था अमेरिकेत आहे, तिला मेल करायचा. रंगरावांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, की मेल पाठवला हे लोकांना दिसणार कसं? माझा पारा चढला. जग कुठे चाललंय आणि तुम्हाला फोटोचं पडलंय, असं मी बोलून गेले. त्यांनी शांतपणे माझ्यासाठी चहा सांगितला.

मग ज्योतीराम साहेब शोधत फिरला. एका कार्यालयात त्याला सांगितलं की हा विषय आमच्याकडे येत नाही, आणि ते खरंच होतं. एका मुख्याध्यापकांनी हात जोडले. शेवटी तो मलाच म्हणाला, ताई, तुम्हीच साहेब व्हा. मी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं. पण त्याची झोप उडाली होती हे मला दिसत होतं. तिकडे विक्रीचा निर्णय जवळ येत होता आणि इकडे सगळे शिक्के खणात अडकून पडले होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी, ऐनवेळी कुणीतरी साहेब मिळेल या आशेवर, रंगरावांच्या गावात देवळापुढे सगळे जमले. इस्त्रीचे शर्ट, टोप्या, निवेदन तयार. नव्हता तो साहेब. बराच वेळ चुळबुळ झाली, दोघं-तिघं उठून चालायला लागले. ज्योतीराम हातातल्या कागदाकडे बघत उभा होता.

तेव्हा बचत गटाच्या बायकांतून मंजुळाबाई उठल्या. त्या एका कंपनीच्या आवारात झाडलोट करतात. आदल्या वर्षी भंगारात नाग निघाला, गडी काठ्या घेऊन धावले, तेव्हा याच बाईनं गेटावरच्या पत्त्याकडे बोट दाखवून त्यांना अडवून धरलं होतं. हे त्यांनीच चार वाक्यांत सांगितलं आणि हात पुढे केला.

“ज्याच्या कामाचं हाय त्यानंच घ्यावं की निवेदन. द्या हिकडं. रोज मी हात घालती त्या भंगारात.”

रंगरावांनी टोपी सारखी केली आणि मंजुळाबाईंना मधे उभं केलं. बाईंनी पदराला हात पुसून कागद घेतला, सगळ्यांनी बोटं लावली आणि मी फोटो काढला. त्यात रंगरावांची टोपी अर्धी कापली गेली, ते अजून ऐकवतात. पण त्या दिवशी एकूण एक शिक्के उमटले. मी निवेदनाचं इंग्रजी केलं आणि कागदाच्या फोटोसकट मेल पाठवला. मूळ कागद मंजुळाबाई घरी घेऊन गेल्या, कारण निवेदन घेणारा ते घेऊनच जातो.

पुढे टाळेबंदी आली. एक मेच्या सकाळी मी बातमी वाचली, की इंटरनेटवरच्या नावांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या त्या संस्थेनं विक्रीला संमती नाकारली. मी जिन्यातूनच हाक मारली. ज्योतीराम दारात आला, ऐकलं, आणि साप धरताना बोलतो त्या आवाजात त्यानं विचारलं, हे आपल्यामुळं झालं का? खोटं बोलवेना. मी सांगितलं, शेकडो संस्थांनी आणि हजारो माणसांनी लिहिलं होतं.

“पन त्यात आपलं हुतं न्हवं?”

होतं, म्हणाले, आणि मला रडू आलं. सापवाल्या शेजाऱ्यासमोर रडायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानं लगेच मंजुळाबाईंना फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. सगळं उघडलं की रंगराव तुमचा सत्कार करणार, असं बातमीबरोबरच सांगून टाकलं. बाई गोंधळल्या. त्यांचं म्हणणं, आपण काहीच केलं नाही, कागद घेतला आणि डब्यात जपून ठेवला. मधे एक दुकानदार तो मागायला आला होता, गावातले सगळे शिक्के एकाच कागदावर आहेत म्हणून दुकानात लावायला. हजार रुपये देत होता.

“मग दिला का?” ज्योतीरामनं विचारलं.

“कसा दिऊ? माझा हाय व्हय त्यो?”