दारं काढलेलं स्वयंपाकघर

नाताळच्या सुट्टीत तुम्ही फ्रिस्कोहून आलात, तेव्हा धाकटीनं स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून विचारलं होतं, "आजी, व्हेअर आर द डोअर्स?" कपाटांना एकही दार नव्हतं. डबे, कप, पातेली, सगळं उघड्यावर. मी म्हणाले, "रंग वाळतोय, बाळा." ते खोटं होतं. रंग केव्हाच वाळला होता आणि दारं गॅरेजमध्ये उभी करून ठेवलेली होती.

तुम्ही दोघंही आता मराठी वाचायला लागला आहात. अडेल तिथे आईला विचारा. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण तुमच्या आजोबांशी मी सत्तेचाळीस वर्षं मराठीत बोलत आले. त्यांच्याबद्दल दुसऱ्या भाषेत लिहवत नाही.

आमच्या या ईडन प्रेरीच्या घरातली कपाटं ओकची, घराइतकीच जुनी. मधासारखा रंग होता, तो स्टोव्हच्या बाजूनं काळपट आणि चिकट झाला होता. तुमची आई कितीतरी दिवस मागे लागली होती.

"आई, रिप्लेस कर ना एकदाचं. किती जुनाट दिसतं ते किचन."

"लाकूड खणखणीत आहे. टाकून कशाला द्यायचं? रंगवून घेते."

"रंग टिकायचा नाही. इतक्या वर्षांच्या फोडण्या बसल्यात त्याच्यावर."

"त्याच फोडण्या खाऊन मोठी झालीस."

"म्हणून तर सांगते!"

पण माझं खरं कारण वेगळं होतं. आजोबांना विसर पडायला लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यांना घरात ठेवता येईल की नाही, हा एकच प्रश्न आमच्यापुढे होता. घरात फार उलथापालथ करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी विचार केला, नवीन कपाटं म्हणजे नवीन मांडणी. तीच रंगवली तर प्रत्येक वस्तू जागच्या जागी राहील. या विचाराचा मला अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

लग्न झाल्यापासून सकाळचा चहा आजोबा करायचे. मी उठून येईपर्यंत दोन कप टेबलावर असायचे. आजार सुरू झाल्यावर वर्षभरात ते थांबलं. ते स्वयंपाकघरात यायचे, एखादं दार उघडायचे, मिटायचे आणि खुर्चीवर बसून राहायचे. मी प्रत्येक दारावर टाइप केलेल्या पट्ट्या लावल्या: चहा, साखर, कप, पातेली. त्यांनी सगळ्या मोठ्यानं वाचल्या आणि म्हणाले, "अगं, हे घर आहे की ऑफिस?" चहा मात्र झाला नाही.

रंगारी सप्टेंबरात आला. कपाटांवरून बोट फिरवून त्यानं वास घेतला आणि मोहरी का, असं विचारलं. आधी सगळं तेल धुऊन काढायचं, मग प्रायमर, मग रंग. दारं तो त्याच्या शेडमध्ये नेऊन फवारणार, सांगाडा इथेच रंगवणार. मी पट्ट्या सोलून काढल्या, दारांना मागून क्रमांक टाकले, कुठलं दार कुठे याचा तक्ता केला. सांगाडा चार दिवसांत झाला, सामान परत लावलं. दारं दोन आठवड्यांत येणार होती.

दारं गेल्याला आठवडा झाला असेल. सकाळी खाली आले तर आल्याचा वास येत होता. टेबलावर दोन कप होते. आजोबा गाळणं विसळत होते.

"काय बाईसाहेब, आज उशीर?"

मी खुर्चीवर बसून तो चहा प्यायले. साखर जास्त झाली होती.

दुसऱ्या दिवशीही चहा झाला. मग रोजच. एका सकाळी पोह्यांचा डबा काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "चहा मी केला, आता तुम्ही हात चालवा." त्याच महिन्यात डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती. मी तुमच्या आईला फोनवर सांगितलं, "गोळीचा गुण आला गं." ती रडायलाच लागली. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं, आणि त्यांनी वहीत तसं टिपून घेतलं.

आणि या सगळ्या दिवसांत मी त्या रंगाऱ्याच्या मागे लागले होते. डब्यांवर धूळ बसते, कोणी आलं तर लाज वाटते, सगळा पसारा डोळ्यांसमोर. दोन आठवड्यांचे चार झाले. बिचारा म्हणायचा, हवा दमट आहे, घाई केली तर रंग सुटेल. मी एक दिवसाआड फोन करायचे. शेवटी त्याला जरा टाकूनच बोलले, तेव्हा पाचव्या आठवड्यात तो दारं घेऊन आला.

फार सुंदर झाली होती. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, आणि जुन्या पितळी मुठी मीच नको म्हटल्यामुळे बिनमुठीची. खालच्या कडेला बोट घालून उघडायची. मी फोटो पाठवला तेव्हा तुमच्या आईनं कबूल केलं, "ओके आई, यू विन."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल रिकामं होतं. आजोबा त्या पांढऱ्या रांगेसमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून, सुट्टीच्या दिवशी दुकानासमोर माणूस उभा राहतो तसे.

"बंद आहे वाटतं," ते म्हणाले आणि बसले.

मला वाटलं, एखादा दिवस असतो तसा. पण चहा पुन्हा झाला नाही. दहा-बारा दिवसांनी धुराच्या अलार्मनं मी धावत खाली आले. त्यांना पातेलं सापडलं नव्हतं. ओट्यावर प्लॅस्टिकचा डबा निथळत होता, तोच त्यांनी पाणी घालून स्टोव्हवर ठेवला होता. डबा वितळून स्टोव्हच्या काचेवर पसरला होता आणि ते कानांवर हात ठेवून कोपऱ्यात उभे होते. मी ओरडले त्यांच्यावर. "अहो, काय करून ठेवलंत हे?" त्यांनी माझी माफी मागितली, इंग्रजीत, परक्या बाईची मागावी तशी.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्यानं ते दिवसभर पेंगायला लागले. तुमची आई म्हणाली, "आई, आता तुला एकटीला झेपणार नाही. जागा बघायला हवी." मी हो म्हटलं.

इथून पंधरा मिनिटांवर विसर पडलेल्या माणसांसाठी एक निवास आहे. तिथली बाई मला सगळं फिरून दाखवत होती: खोल्या, बाग, मग एक छोटं स्वयंपाकघर. त्यातल्या कपाटांना दारं नव्हती. मला वाटलं, काम चालू असेल. मी सहज विचारलं, अजून बसवायची आहेत का?

नाही, ती म्हणाली, मुद्दाम काढलीत. जे दिसत नाही ते यांच्यासाठी नसतंच. कप दिसला की बरेच जण आपला आपण घेतात.

ती पुढे चालत राहिली. पुढचं तिनं काय दाखवलं ते मला आठवत नाही.

घरी येऊन मी स्क्रू ड्रायव्हर काढला. संध्याकाळपर्यंत सगळी दारं उतरवली. दोन बिजागऱ्यांचा एकेक स्क्रू झिजला. आजोबा आरामखुर्चीत झोपले होते. दारं लागल्यापासून तोवर सात आठवडे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच उठून जिन्यात बसले. ते आले. डब्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग हात वर करून चहाचा डबा काढला, त्याच डब्यावर हात गेला त्यांचा, आणि मी उठून जवळ गेले. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं. मागे वळून मला विचारलं, "हे कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "तुमचंच."

त्यांनी झाकण नीट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

तो गुण गोळीचा नव्हता, दारं नसल्याचा होता, हे मी तुमच्या आईला सांगितलं, तर म्हणाली, "आई, आजार वाढणारच होता. सात आठवड्यांनी काय फरक पडला असता?" खरं असेल. पण ते सात आठवडे त्यांचे होते आणि मी घाई करून ते मिटवले. तुम्ही नाताळात आलात तेव्हा ते घरीच होते. थोरल्यानं हात पुढे केला, त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही, आठवतं? फेब्रुवारीत मी त्यांना त्या निवासात सोडून आले. रोज दुपारी जाते. तिथल्या स्वयंपाकघरात चहा मी करते. ते कपाकडे बघतात.

आता लाव ना दारं, असं तुमची आई परवा म्हणाली. मी लावणार नाही. ती गॅरेजमध्ये डाव्या भिंतीला आहेत, कागदात गुंडाळून, क्रमानं. कुठलं कुठे लागतं त्याचा तक्ता वर चिकटवलाय. स्क्रू बरणीत आहेत, दोन नवीन घ्यावे लागतील. माझ्यामागे हे घर विकताना लागतील ती. तोवर असू द्या.