भाचीचं फुफ्फुस आणि माझा श्वास

माझ्या भाचीचं उजवं फुफ्फुस मी फोडलं. घाबरू नका, भाची ठणठणीत आहे. फुफ्फुस फुग्याचं होतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत दोन फुगे बसवून तिनं वर्गात दाखवायला श्वासाचं यंत्र केलं होतं. चालतंय का बघावं म्हणून मी फुंकर मारली, आणि ते जरा जास्तच चाललं.

"मामा! उद्या पाठ आहे माझा!"

"तरी सांगत होते, त्याच्या हाती काही देऊ नकोस," स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. सख्खी बहीण ती, माझी बाजू कशाला घेईल?

भाची शिक्षिका व्हायचं प्रशिक्षण घेते आहे. मुलांना ती फार आवडते, आणि पंचाईत तिथेच आहे. पडलेला दात मुलं आईच्या आधी तिला दाखवतात. एका मुलीनं तर पाठ चालू असताना तिची वेणी सोडून नव्यानं घातली. मागच्या पाठाला महाविद्यालयाच्या निरीक्षक बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "विषय कळला. वर्ग होता की भाजी मंडई, तेवढं नाही कळलं." हाही पाठ तसाच गेला, तर आख्खं वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून भाचीनं कडक व्हायचं ठरवलं. संध्याकाळभर आरशासमोर डोळे वटारले. जेवताना दाजींनी मीठ मागितलं तर म्हणाली, "आधी हात वर." दाजींनी मुकाट्यानं केला. संसारात मुरलेला माणूस, त्यांना सवय होतीच.

सकाळी मी नव्या फुग्यांचं पाकीट घेऊन शाळेत पोचलो. तिनं फुफ्फुस दुरुस्त केलं, उरलेले फुगे माझ्या हातात कोंबले आणि म्हणाली, "मागे बस. आणि गप्प बस."

मग ती फळ्यासमोर गेली आणि तिनं आरशातला तो चेहरा काढला. मुलं काळजीत पडली.

"ताई, पोट दुखतंय का?"

"ताई, माझ्या बाटलीतलं पाणी घ्या."

"माझी आई असं तोंड करते ना, तेव्हा आम्ही सरळ आजीकडे जातो."

झालं! कोणाची आई कसं तोंड करते, याची प्रात्यक्षिकं सुरू झाली. आजही शेवटच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक बाईंनी पेनाचं टोपण काढलं. भाचीचे कान लाल झाले. इकडे माझ्या शेजारची मुलगी कुजबुजली, "तुम्हाला कितव्यांदा नापास केलं?"

"मी नापास नाही गं, मी मामा आहे," म्हणत मी तिचं मन रमवायला एक फुगा फुगवला. गाठ मारणार, तेवढ्यात तो हातून सुटला. अत्यंत असभ्य आवाज करत त्यानं वर्गाला चक्कर मारली आणि निरीक्षक बाईंच्या मांडीवर प्राण सोडला.

"कोणाचा तो?"

या खेपेला भाचीनं डोळे वटारले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. पण माझे पाय आपोआप सरळ झाले.

"उभा राहा."

मी उभा होतोच. वर्गात टाचणी पडली असती तर तिलाही लाज वाटली असती. शेवटी माझी शेजारीण कळवळून म्हणाली, "ताई, जाऊ द्या ना. नवीन आहेत ते."

"नवीन असले तरी तास सगळ्यांना सारखाच," भाची म्हणाली, आणि हसली. तिचं नेहमीचं हसू. "आता उभे आहेतच, तर कामाला लावू. मामा, श्वास घे. काय फुगलं?"

"छाती!" वर्ग ओरडला.

"आणि पोट? ते पण हवेनं?"

"नाही ताई, ते जेवणानं!"

हशा उसळला. भाचीनं एक बोट वर केलं आणि हशा तिथल्या तिथे बसला. मग बाटलीतली फुफ्फुसं, माझी फुफ्फुसं, असा तास रंगला. माझा ऊर भात्यासारखा चालून चालून दुखायला लागला, पण एकही मूल जागचं हललं नाही.

शेवटी निरीक्षक बाईंनी फुगा टेबलावर ठेवला. "उत्तीर्ण. मुलं हसलीही आणि ऐकतही होती, हे जमवलंत. मात्र मागच्या विद्यार्थ्यावर अजून मेहनत घ्या." आणि त्या बाहेर पडल्या.

मी धापा टाकत बाकावर टेकलो. "बघ, मी होतो म्हणून पास झालीस!"

भाचीनं फळा पुसता पुसता मागे वळून पाहिलं.

"तुला खाली बसायला कोणी सांगितलं?"