ताईची वेणी

आज सकाळी मोबाईलवर हॉलिवूडची एक जुनी नटी गेल्याची बातमी वाचली. तिनं केस कापले तेव्हा निर्माते चिडले, पण पुढे जगभरच्या मुलींनी तसेच कापले, असं त्यात होतं. तेव्हापासून कशातच मन लागत नाही.

कोपरगावात असताना ताईनं मासिकातला या नटीचाच फोटो दाखवून माझ्या हातात कात्री दिली होती. दुसऱ्या दिवशी ताईला बघायला पाहुणे येणार होते आणि तिला अजून शिकायचं होतं.

"अस्सेच काप. मग बघू कोण पसंत करतंय!"

खोबरेलाचा वास येणारी जाड वेणी मुठीत धरली आणि कात्री खाली ठेवली. मी ओरडले, "आई, इकडं ये लवकर!"

महिन्याभरात ताईचं लग्न झालं. "बरं झालं ओरडलीस," असं ती पुढे एकदा म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.