झेंडू आणि जुनं पेट्रोल

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गॅरेजमधल्या त्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही, इतका मला त्याचा राग आला होता.

वर बर्फात एक लहान लॉज मी सांभाळतो; या परदेशात ऋतू उलटे, बर्फाचा सीझन जून ते ऑक्टोबर. पाहुण्यांचं सामान ओढायला गेल्या वर्षी एक जुनी स्नोमोबिल, बर्फावर धावणारी गाडी, घेतली. ऑक्टोबरमध्ये सीझन संपला, त्याच आठवड्यात दसरा होता. बायकोने मशीनला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मी वरून ताडपत्री आवळून बांधली. जूनमध्ये ती सुरूच होईना, म्हणून खाली त्या म्हाताऱ्याकडे आणली.

त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग इंजिनला हवा जाते ती पेटी उघडली. आत उंदरांनी वाळक्या झेंडूचं घरटं केलं होतं. मी त्याला दसऱ्याची पूजा समजावून सांगितली. तो हसला असता तरी चाललं असतं.

"हात जोडलेस, दोस्ता," तो म्हणाला, "पण पेट्रोल काढलं नाहीस. आठ महिने सडलं ते. पाया पडायला वेळ होता, हात काळे करायला नव्हता."

माझ्या दसऱ्याबद्दल बोलणारा हा कोण? मी तणतणत बाहेर जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी मशीन सुरू झालं. निघताना त्याने बिस्किटांचा एक जुना डबा माझ्या हातात दिला. आत त्या सगळ्या पाकळ्या होत्या. "देवाच्या आहेत म्हणालास ना, मग कचऱ्यात कशा टाकू?"

ते निर्माल्य मी आठ महिने तिथेच विसरलो होतो. आता त्याच्यावर धड चिडताही येत नाही, याचाच जास्त संताप होतो.